चार मिनिटं मागे

बाबा,

तुमचं घड्याळ मी विकते आहे. उद्या रविवारी सकाळी अकराला दोघं जण विचुंब्याला माझ्या घरी येतील आणि ते घेऊन जातील. पैशांची अडचण नाही, हे आधीच सांगते, कारण तुम्ही असतात तर पहिला प्रश्न तोच विचारला असतात. मला त्याला रोज सकाळी चावी द्यायचा कंटाळा आला आहे, एवढंच. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत कुठे गावाला गेले तरी ते रुमालात गुंडाळून पर्समधून नेलं, आईच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलच्या बाकावर बसून चावी दिली. मनगटावर मात्र एकदाही घातलं नाही. गेल्या वर्षी ते एकाएकी बंद पडलं. पनवेलच्या बाजारातले आपले घड्याळवाले काका दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेलेत, त्यामुळे महिनाभर ते कपाटात तसंच पडून होतं. त्या महिन्यात मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटतंय हे लक्षात आलं तेव्हा मी घाबरले. मग ठाण्याला एक कारागीर शोधला, त्यानं ते उघडून, साफ करून चालू करून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी देताना मनात आलं, आता पुरे.

जुनी घड्याळं जमवणारी माणसं असतात, हे मला त्या कारागिरानंच सांगितलं. त्यांचे ग्रुप असतात, ते एकमेकांना फोटो पाठवतात. त्यांतले दोघं गेल्या रविवारी बघायला आले. एक माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे, निवृत्त इंजिनिअर. दुसरा तिशीतला, कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. तुम्ही ज्याला आयुष्यभर नुसतं ‘मामाचं घड्याळ’ म्हणालात, ते बोटीवर नोकरीला असलेल्या तुमच्या मामांनी नक्की कुठून आणलं असेल, याबद्दल त्या दोघांनी माझ्या सोफ्यावर बसून अर्धा तास वाद घातला. तबकडी पिवळी पडली आहे म्हणून मी जरा ओशाळून म्हटलं, ती नवीन करून घेतली असती. तर त्या तरुणानं घड्याळ छातीशी धरलं. “मॅडम, प्लीज. या पिवळेपणासाठीच तर आम्ही पनवेलपर्यंत आलो.” कडेला सायकलच्या हँडलवर घासून पडलेले ओरखडे आहेत ना, त्यांवरून तो बोट फिरवत होता, आणि मला उगाच तुमचं मनगट कुणीतरी धरल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी एक छोटं यंत्र काढून घड्याळ त्यावर ठेवलं. टिकटिक ऐकून ते यंत्र चाल सांगतं म्हणे. इंजिनिअरांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. “मशीन उत्तम आहे. दिवसाला पाच-सात सेकंदांचा फरक, एवढ्या वयात याहून चांगलं काय असणार? पण मग हे चार मिनिटं मागे कसं?”

“मीच लावते तसं,” मी म्हटलं.

“का?”

“सवय.”

“लोक पाच मिनिटं पुढे लावतात,” तो तरुण हसून म्हणाला. “मागे लावणारं मी पहिल्यांदाच बघतोय.”

त्यांनी घड्याळ पसंत केलं, फक्त एक गोष्ट मागितली. घड्याळाबरोबर त्याची कुळकथा हवी. कुणी वापरलं, काय काम करत होते, घरात कसं आलं, असं एक पान माझ्या अक्षरात, खाली सही. “खरं लिहा,” इंजिनिअर म्हणाले. “खोटी पत्रिका आम्हाला लगेच कळते. आणि तुमचे वडील टाइमकीपर होते म्हणजे काय हो, आणखी काय पाहिजे? अख्खा कारखाना या घड्याळावर चालला.”

हे खरं आहे. ते पान लिहायला मी आज दुपारी बसले, चार ओळी लिहिल्या आणि थांबले. मग दुसरा कागद घेतला तो हा.

त्यांना मी लिहिलं की कारखान्याच्या गेटवर टाइम ऑफिसची खोली होती आणि तिथलं भिंतीवरचं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं. बाहेर फळ्यावर पितळी बिल्ले टांगलेले असायचे, प्रत्येकावर कामगाराचा नंबर. येणाऱ्यानं आपला बिल्ला काढून पेटीत टाकायचा. सात वाजले की तुम्ही बॉयलरवाल्याला फोन करायचात, तो भोंगा द्यायचा, तुम्ही पेटीला कुलूप घालायचात आणि शिपाई ती आत मोठ्या ऑफिसात नेऊन ठेवायचा. फळ्यावर ज्याचा बिल्ला राहिला तो गैरहजर. पेटी एकदा आत गेली की ती उघडणं तुमच्याही हातात नव्हतं. पंचक्रोशीतल्या बायका त्या भोंग्यावर चूल पेटवायच्या आणि तो भोंगा तुमच्या मनगटावर होता. शाळेत मी हे किती जणींना सांगितलं होतं, ते तुम्हाला माहीत नसेल.

जासईकडून येणारी एसटी सातला पोचायला हवी, ती रोज सात वाजून तीन मिनिटांनी कारखान्याच्या फाट्यावर थांबायची. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी अकरा वर्षांची होते. मला एवढंच माहीत की संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी रेडिओवर ठोके पडायचे, तेव्हा तुम्ही घड्याळ हातात घेऊन बसलेले असायचात, चावी ओढून काहीतरी करायचात आणि ते परत मनगटावर बांधायचात. तुम्ही वेळ बरोबर लावता असंच मी समजत होते. दुसरं काय समजणार?

त्या दिवशी सकाळचे सहा वाजायचे आहेत. आई चुलीपाशी, तुम्ही आंघोळीला. घड्याळ मिठाच्या बरणीवर ठेवलेलं आहे, रोजच्यासारखं. रेडिओ चालू आहे. मी दूध पिते आहे आणि समोरच्या घड्याळात सहाला चार मिनिटं कमी आहेत. ठोके पडतात. मी पुन्हा बघते. अजून चार कमीच. बाबांचं घड्याळ चुकलं, आणि बाबांना माहीत नाही, आणि मला माहीत आहे, या आनंदानं मला काय झालं ते अजून आठवतं. हातांना दुधाची साय लागलेली होती, ती फ्रॉकला पुसली. चावी ओढायला नखानं जोर लावावा लागला. काटा बारावर आणला, चावी दाबली, घड्याळ बरणीवर ठेवलं. आई माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. तुम्ही आलात, घड्याळ बांधलंत, सायकल काढलीत. मी सांगणार होते. पण संध्याकाळी सांगू असं ठरवलं, म्हणजे तुम्ही घरी येऊन म्हणाल की आज घड्याळ कसं अगदी ठोक्यावर चाललं, आणि मग मी सांगेन.

संध्याकाळी तुम्ही चहाचा कप खाली ठेवून आईला विचारलंत, “काल घड्याळ लावताना मी चुकलो काय गं?”

आई म्हणाली, “तुम्ही आणि चुकताय. देवाला फूल वाहायचं विसराल, पण ती चार मिनिटं मागे घ्यायची विसरणार नाही. का?”

मग तुम्ही सांगितलंत. एसटी रोजच्या वेळेला आली, उतरलेली माणसं रोजच्यासारखी पळत आली, आणि गेट बंद होतं. पेटी आत गेली होती. कायम असलेल्यांचा अर्धा दिवस गेला. त्यांत एक बदली कामगार होता, जासईजवळच्या कोळीवाड्यातला. खाडीचं पाणी रस्त्यावर आलं म्हणून पावसाळ्यात दोनदा त्याला उशीर झाला होता, आणि हा तिसरा लाल शेरा. तीन झाले की बदलीवाल्याचं नाव यादीतून जायचं. पुढच्या महिन्यात त्याला कायम करणार होते. त्याच्यासाठी तुम्ही त्या दिवशी साहेबांकडे तीनदा जाऊन आला होतात. साहेबांनी विचारलं होतं, भोंगा चुकीच्या वेळेला झाला का? आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणावं लागलं होतं.

मी पाटावर बसले होते. ताटात काय होतं ते आठवत नाही. ‘घड्याळाला कुणी हात लावला होता का’ असं तुम्ही विचारलं असतं तर मी ‘हो’ म्हटलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही फक्त घड्याळ काढून बघितलंत आणि बराच वेळ चावीकडे बघत राहिलात. चावीच्या खाचांत साय अडकली होती का, हा प्रश्न मला पंचविशीनंतर पडला. तेव्हा पडला नाही.

त्यानंतरच्या कितव्या तरी रविवारी तुम्ही मला म्हणालात, चल, जरा जासईला जाऊन येऊ. पनवेलच्या स्टँडवरून आपण एसटी पकडली. आत्ता त्या रस्त्याला कंटेनरच्या गाड्यांखेरीज काही दिसत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंना भातखाचरं होती आणि मधूनच मिठागरं. कोळीवाड्यात त्या बदली कामगाराच्या घराच्या ओट्यावर जाळं पसरलेलं होतं आणि तो ते विणत बसला होता. तुम्हाला बघून उठला. त्याच्या बायकोनं आतून चटई आणली. तुम्ही बसलात, मला शेजारी बसवलंत आणि म्हणालात, “त्या दिवशी माझ्याकडून घड्याळ लावायचं राहिलं. चूक माझी झाली.”

तो म्हणाला, “जाऊ द्या साएब. तुमी रोज आमच्यासाटी थांबत व्हता, ता कोन बोलतंय काय?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी ओट्याखाली टोपलीतल्या चिंबोऱ्या, खाडीतले ते खेकडे, मोजत होते. त्या एकमेकींवर चढत होत्या, त्यामुळे मोजणं सारखं चुकत होतं आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. तुम्ही थोडं थांबलात. मग पावसापाण्याचं बोललात. त्याच्या बायकोनं मला तांदळाच्या भाकरीवर भाजलेला सुका बोंबील दिला. मी तो खाल्ला. आवडला मला. हे लिहायला जड जातंय, पण आवडला.

परतताना एसटीत मी काही बोलेना, तेव्हा तुम्ही विचारलंत, “मळमळतंय का?” मी हो म्हटलं. तुम्ही मला खिडकी दिलीत आणि खिशातून लिंबाची गोळी काढून दिलीत. खोटं बोलून मिळालेली ती गोळी मी घरापर्यंत चोखली.

तुम्ही मला या बाबतीत कधी एका शब्दानं बोलला नाहीत. एकदाच तुम्ही मला रागावलात, तेव्हा मी कॉलेजला होते. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना उशीर झाला म्हणून मी घड्याळाकडे बोट दाखवून त्यांना बोलले. तुम्ही वाचत होतात. पेपर खाली न करता म्हणालात, “तू गप्प बस जरा.” एवढंच. पण तुम्ही मला ‘गप्प बस’ म्हणण्याची ती एकच वेळ होती, आणि मी दोन दिवस जेवले नाही. त्याआधी, दहावी झाले तेव्हा तुम्ही मला मनगटी घड्याळ घेऊन दिलंत. दुकानदार काटे फिरवायला लागला तर त्याला म्हणालात, “राहू द्या, ती लावेल.” मी दुकानातल्या मोठ्या घड्याळात बघून अगदी सेकंदाला सेकंद लावलं. तुम्ही ते बघितलंत आणि पैसे द्यायला वळलात. मला वाटलं, तुम्हाला अभिमान वाटला.

आता मी काय करते, तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीला नव्हते, ती त्याच वर्षी लागली. मी कॉलेजच्या परीक्षा विभागात आहे. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं गेट बंद होतं, ते माझ्यासमोर होतं. गाडी चुकलेली, रिक्षा न मिळालेली, रस्ता अडलेला म्हणून धापा टाकत आलेली मुलं गजांना धरून उभी असतात. “मॅडम, दोनच मिनिटं झालीत.” मी त्यांना आत घेत नाही. नियम आहे, आणि एकाला घेतलं तर दुसऱ्याला काय सांगणार, हे खरंच आहे. पण बाबा, बावीस वर्षं मी रोज सकाळी तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे लावून कपाटात ठेवते आणि मग कामाला जाते. ती चार मिनिटं मी कुणालाही दिलेली नाहीत. हे मला इतकी वर्षं दिसलं नाही असं नाही. दिसत होतं. आणि तरी मला वाटत होतं की घड्याळ मागे लावते म्हणजे मी काहीतरी करते आहे.

म्हणून ठरवलं की घड्याळ घरातून जाण्याआधी जाऊन सांगून टाकायचं. तो कोळीवाड्यातला माणूस हयात आहे की नाही, माहीत नव्हतं. पण त्याची बायको पनवेलच्या मच्छीबाजारात बसते हे मला माहीत होतं. आई तिच्याकडूनच घ्यायची. मी मात्र लग्नानंतर त्या रांगेत पाऊल टाकलेलं नाही. विचुंब्याला दारावर मासळी येते, ती सोयीची पडते, असं मी सगळ्यांना सांगते.

काल शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघाले, रिक्षानं बाजारात गेले. घड्याळ पर्समध्ये होतं. का घेतलं होतं ते सांगता येणार नाही. ती तिथेच होती, त्याच कोपऱ्यात. म्हातारी झाली आहे, पण नाकातली नथ आणि बसण्याचा ताठा तोच. मी समोर उभी राहिले तशी पापलेटवर पाणी मारत म्हणाली, “ताजा हाय. हात लावून बघ.” मग मान वर करून, “कोन गं तू? चेरा ओलखीचा वाटतो.”

“टाइमकीपरची मुलगी.”

“भोंगेवाल्याची?” ती शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, “अगो, भोंगेवाल्या साएबाची पोर ही. आई कशी हाय तुजी?”

“आई गेली. चार वर्षं झाली.”

“गेली? आनि मना कोन सांगनार.” तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “पापलेट घ्यायची तर सगली उलटीपालटी करायची. येक दिवस सरल नाय नेली. आमचा म्हातारा पन गेला गो. पाच वर्सं झाली.”

मी तिथल्या पालथ्या टोपलीवर बसले. म्हटलं, “मावशी, कारखान्यात एकदा भोंगा लवकर झाला होता, काकांची नोकरी गेली होती, आठवतं?”

“लवकर कंचा? बरोबर टायमाला झाला, म्हनून तर गेली.” ती हसली. शेजारीणही हसली. मला हसता आलं नाही.

“राग आला असेल तुम्हाला.”

“मना आला ना. त्याला नाय आला. त्यो म्हनं, बरा झाला, आता सोताची होडी घेऊ. होडी काय घेतली नाय.” तिनं विळी पुढे ओढली आणि न विचारताच दोन पापलेट साफ करायला घेतली. “आनि कारखाना तरी कुठं र्‍हायला? पर्मनंट झालेलं पन घरी बसलेच ना. मंग ह्यो कंटेनरच्या यार्डात वाचमन लागला. तिथं मशीनला बोट लावून आत जायाचा. म्हनायचा, मशीन बरा, त्याचा राग नाय येत.” तिनं दुसरं पापलेट उचललं. “तुजा बाप चांगला. दोनदा आला आमच्याकडं.”

“एकदाच. मी होते बरोबर.”

“दोनदा. पयल्यांदा येकटाच आला, सायकल मारीत, भर उन्हाचा. आमी जेवत व्हतो. दारातच उभा र्‍हाऊन बोलला, माजी चूक झाली म्हनून. पानी पन नाय प्यायला. मंग रविवारी तुला घेऊन आला. मी म्हनले पन त्याला जाताना, साएब, येकदा झाला ना बोलून, परत कशाला येवढ्या लांब?”

“मग काय म्हणाले?”

“म्हनला, पोरीला खाडी बघायची व्हती.”

बाबा, मी तुम्हाला खाडी बघायची आहे असं कधीच म्हटलं नव्हतं. आणि त्या दिवशी आपण खाडी बघितलीही नाही. ओट्यावरून उठलो ते सरळ एसटीच्या थांब्यावर आलो.

म्हणजे तुमचं बोलून झालं होतं. तुम्ही एकटे सायकल मारत जाऊन माफी मागून आला होतात. दुसऱ्या वेळचं जाणं त्यांच्यासाठी नव्हतं. तुम्ही ‘चूक माझी झाली’ म्हणालात आणि माझ्याकडे पाहून थांबलात, ते थांबणं माझ्यासाठी होतं. रोज फाट्यावरच्या एसटीसाठी थांबत होतात, तसं. आणि मी चिंबोऱ्या मोजत होते.

की तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं, आणि रविवारी घरात कंटाळलेल्या मुलीला तुम्ही नुसतं बरोबर घेतलं होतंत? असंही असू शकेल. मी कालपासून दोन्ही बाजूंनी विचार करते आहे. पण तुम्ही खोटं बोलणारे नव्हतात. भोंग्याच्या बाबतीत रोज एक, आणि खाडीचं हे दुसरं, एवढीच मला माहीत आहेत, आणि दोन्ही दुसऱ्याला आत घेण्यासाठी होती.

मग मी तिला सांगणार होते. ‘मावशी, घड्याळ मी लावलं होतं’, एवढं एकच वाक्य. तोंडात तयार होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, दोघी जणी कोलंबीचा भाव विचारत उभ्या राहिल्या, आणि राहून गेलं. मी पापलेटची पिशवी घेतली, ती म्हणाली तेवढे पैसे दिले. ती नोटा कमरेला खोचत म्हणाली, “भाव पन नाय केलास? आईसारकी नाय तू.”

त्या दोघांसाठीचं पान मी आत्ता पूर्ण केलं. त्यात लिहिलं आहे की हे घड्याळ माझ्या वडिलांच्या मामांनी बोटीवरून आणलं, वडील ते तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर वापरत होते, सकाळचा भोंगा त्यावर व्हायचा. हेही लिहिलं की लांबून येणाऱ्या कामगारांची एसटी उशिरा यायची म्हणून ते हे घड्याळ मुद्दाम चार मिनिटं मागे ठेवत, आणि एक दिवस ते त्यांच्या मुलीनं बरोबर लावलं. तुमचं नाव खराब होईल का, याचा पुष्कळ विचार केला. त्या इंजिनिअरांना चोख टाइमकीपर हवा आहे. पण ते ‘खरं लिहा’ म्हणाले होते, आणि मला वाटतं, तुम्हाला चालेल. ‘मुलीनं’ असं लिहिलं, ‘मी’ असं लिहिलं नाही. खाली सही आहे, तेव्हा कळायचं त्याला कळेल. अनोळखी माणसांना हे सांगणं किती सोपं गेलं, याचं माझं मलाच नवल वाटलं.

हे पत्र त्यांना देणार नाही. कुठेच देणार नाही. वहीत ठेवीन. उद्या सकाळी चावी देऊन घड्याळ शेवटचं चार मिनिटं मागे लावीन आणि त्यांच्या हातात देईन. तो तरुण पनवेल सोडायच्या आत गाडीत बसून ते बरोबर लावील, यात शंका नाही. लावू दे.

वही मिटण्याआधी वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. त्यात एक गोष्ट खरी नाही, ती दुरुस्त करते. गिऱ्हाईक तेवढ्यात आलं नव्हतं. मावशीनं पापलेट धुतली, पिशवीत भरली, गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. मग विळी पुसली, तांब्यातलं पाणी प्याली, पदरानं तोंड टिपलं आणि मला अजून काही बोलायचं आहे असं समजून माझ्याकडे बघत बसली. कोलंबीवाल्या त्यानंतर पुष्कळ वेळानं आल्या.